कृष्णाकाठची मुद्राचित्रे : रविवार पुरवणीसाठी एक विनंती

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील जुने वाडे उतरवले जात असल्याच्या बातम्या आपल्या दैनिकात छायाचित्रांसह येतात. त्या वाचताना गेली काही वर्षे मनात असलेली एक विनंती आज लिहून पाठवत आहे. आपल्या रविवार पुरवणीत दर आठवड्याला या दोन जिल्ह्यांतील एखाद्या वास्तूचे किंवा शिवाराचे, लाकडावर अथवा लिनोलियमवर (जमिनीवर अंथरण्याच्या, सहज कोरता येणाऱ्या जाड आच्छादनावर) कोरून छापलेले चित्र, म्हणजेच मुद्राचित्र, प्रसिद्ध करावे. मी माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालो आहे आणि मिरजेत राहतो. या विनंतीमागे जशी माझी आवड आहे, तसा आमच्या गावाचा इतिहासही आहे.

शके १७२७ मध्ये, म्हणजे १८०५ साली, मिरजेचे संस्थानिक गंगाधरराव पटवर्धन यांच्या आश्रयाने तांब्याच्या पत्र्यांवर कोरून भगवद्गीता छापली गेली. या खटपटीची सुरुवात पुण्यात झाली होती. पेशव्यांच्या दरबारातील इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्या प्रोत्साहनाने नाना फडणवीसांनी एका तांबटाकडून देवनागरी अक्षरे तांब्यावर कोरवून घेण्यास आरंभ केला. पुढे १८०० साली नाना गेले, काम अडले आणि ते तडीस गेले मिरजेत. हंडे-घागरी घडवणाऱ्या कारागिराच्या हाताने धातूवर अक्षर न् अक्षर उमटवले, ही गोष्ट मी दरवर्षी नव्या वर्गाला सांगत असे आणि दरवर्षी मुलांना ती नवीनच असे.

याच मॅलेटच्या आश्रयाने जेम्स वेल्स नावाचा स्कॉटिश चित्रकार पुण्यात काम करत होता. वेरूळच्या लेण्यांची त्याने काढलेली चित्रे त्याच्या मृत्यूनंतर थॉमस डॅनियल याने १८०३ साली इंग्लंडमध्ये छापून प्रसिद्ध केली. म्हणजे अवघ्या दोन वर्षांच्या अंतराने आमचे अक्षर मिरजेत छापले गेले आणि आमच्या डोंगरातील लेणी मात्र सातासमुद्रापार छापली गेली. ही गोष्ट मला फार लागते. पुढे १८७८ साली पुण्यात चित्रशाळा निघाली, १८९४ साली मुंबईत राजा रविवर्मा यांचा छापखाना सुरू झाला आणि शिळाछापाच्या रंगीत चित्रांनी देवदेवता व पुराणपुरुष घराघरांतील भिंतींवर आणले. हे उपकार मोठेच आहेत. परंतु त्या चित्रांत नदी, झाड किंवा महिरप दिसते ती देवाच्या मागे. गाव हाच चित्राचा विषय आहे, असे क्वचितच घडले.

बंगालमध्ये ते घडले. नंदलाल बोस यांनी १९३० साली मुलांच्या पहिल्या वाचनपुस्तकासाठी काळ्या-पांढऱ्या ठशांच्या वळणाची चित्रे काढून दिली आणि तेथील झाडे, झोपड्या, गुरे अक्षरओळखीबरोबरच मुलांच्या डोळ्यांत बसली. हरेन दास यांनी तर सारे आयुष्य लाकडी ठशांतून बंगालचे खेडे कोरण्यात घालवले. त्यांच्या चित्रांतील पाण्यावरचा उजेड पाहिला की हे लाकूड कोरून केले आहे यावर विश्वास बसत नाही. अलीकडच्या काळात बडोद्याच्या ज्योती भट्ट यांनी गावोगाव हिंडून भिंतींवरची व अंगणातली चित्रे कॅमेऱ्याने टिपली आणि तीच वळणे आपल्या मुद्राचित्रांत आणली. जपानमध्ये तर हिरोशिगे या चित्रकाराने १८३० च्या दशकात एदोहून (आजच्या टोकियोहून) क्योतोला जाणाऱ्या रस्त्यावरील ५३ मुक्कामांची ठसाचित्रे केली आणि ती सामान्य माणसाने आनंदाने विकत घेतली.

ती मालिका पाहताना मला नेहमी कृष्णा नदी आठवते. धोम, मेणवली, वाई, माहुली, कराड, औदुंबर, भिलवडी, सांगली, हरिपूर असे आपलेही मुक्काम आहेत आणि प्रत्येक ठिकाणी घडीव दगड, पाणी आणि ऊन यांचे नाते वेगळे आहे. घाटाच्या पायऱ्या सकाळी पाहिल्या तर प्रत्येक पायरीचा माथा उजळलेला आणि तिची उभी बाजू काळोखी दिसते; हे दृश्य जणू ठशासाठीच घडवलेले आहे, कारण ठशात करडा रंग नसतो, जे कोरले ते पांढरे आणि जे राखले ते काळे. आपला काळा पाषाण रंगीत छायाचित्रात अनेकदा मळकट दिसतो, तोच लाकडी ठशात भारदस्त होतो. वाईचा ढोल्या गणपती घ्या. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ साली बांधलेल्या या देवळाची मागची भिंत पुराचे पाणी दुभंगावे म्हणून माशाच्या आकाराची केली आहे. समोरून दर्शन घेऊन परतणाऱ्यांपैकी फार थोडे जण ती भिंत पाहतात, परंतु ठसा कोरणाऱ्याला ती पाहावीच लागते, कारण तिची रेघ कोठून वळते हे कळल्याशिवाय पटाशी पुढे सरकत नाही.

साताऱ्याजवळची लिंबची बारा मोटेची विहीर हे दुसरे उदाहरण. विरूबाई भोसले यांनी १७१९ ते १७२४ या काळात बांधून घेतलेल्या या विहिरीत महाल आहे, कमानी आहेत आणि वर मोटा चालवण्याच्या जागा आहेत. मी एका उन्हाळ्यात तेथे तीन दिवस बसलो होतो. पहिल्या दिवशी कागदावर सगळेच काढले, दुसऱ्या दिवशी निम्मे खोडले आणि तिसऱ्या दिवशी एवढेच उरले की खाली काळे पाणी, मध्ये एक कमान आणि तिच्यावर पडलेली उन्हाची एक तिरपी पट्टी. तोच ठसा मी आजही सर्वांत जवळचा मानतो. मोबाइलमध्ये त्या विहिरीचे अनेक फोटो असूनही मला ते पुन्हा काढून पाहावेसे वाटत नाहीत, हेही नमूद करतो.

वास्तूंइतकेच शिवारही महत्त्वाचे आहे. उसाच्या फडातील उभ्या रेघा, पाचट पेटल्यानंतरचा धूर, हरिपूरची जमिनीखालची हळदीची पेवे आणि त्यांत उतरणारी माणसे, आटपाडी-जतकडच्या माळावरची मेंढरे हे सारे लाकडात उतरण्याजोगे आहे. पेवांची तर घाई करायला हवी, कारण पुरांनी आणि बदललेल्या साठवणुकीने त्यांतील कितीतरी निकामी झाली आहेत.

या कामाला मोठा खर्च नाही. शाळेत भेंडी आणि बटाटा कापून ठसेकाम प्रत्येकाने केलेले असते. त्यापुढची पायरी म्हणजे लिनोलियमचा तुकडा, दोन-तीन कोरण्या, शाई आणि रूळ. छापयंत्र नसले तरी कागद ठशावर ठेवून चमच्याच्या पाठीने घासला की चित्र उमटते. आमच्या वर्गातील एका मुलाने आपल्या आजोबांच्या वाड्याचा दिंडी दरवाजा कोरला होता. चित्र उलटे छापले जाते हे विसरल्यामुळे कडी दुसऱ्या बाजूला गेली, तेव्हा तो घरी जाऊन दरवाजा पुन्हा नीट पाहून आला आणि त्याने दुसरा ठसा केला. आता तो वाडा नाही, दोन्ही ठसे आहेत.

वृत्तपत्राच्या दृष्टीनेही हे सोयीचे आहे, असे मला वाटते. छायाचित्र छापताना त्याचे ठिपके करावे लागतात आणि साध्या कागदावर सावल्या एकमेकींत मिसळतात. ठशाची रेघ मात्र आपल्या कागदावर जशीच्या तशी उतरते. प्रत्येक चित्राखाली वास्तूचे नाव, गाव, बांधकामाचा ज्ञात काळ आणि आजची अवस्था एवढा मजकूर द्यावा, आणि कोरणाऱ्याला अल्प का होईना, मानधन द्यावे. कलामहाविद्यालयांतील विद्यार्थी यात आनंदाने येतील, फक्त त्यांना जाग्यावर बसून रेखाटन करण्याची अट घालावी. फोटोवरून गिरवलेले चित्र घेऊ नये. वर्षाअखेरीस जमलेली चित्रे औंधच्या श्री भवानी वस्तुसंग्रहालयात मांडता आली तर फारच उचित होईल. स्वतः चित्रकार असलेल्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली उभारलेल्या त्या वास्तूइतकी योग्य जागा आपल्या दोन्ही जिल्ह्यांत मला तरी दिसत नाही.

पहिल्या चार रविवारांसाठी लिंबची विहीर, वाईचा गणपती घाट, कराडचा प्रीतिसंगम आणि हरिपूरचा संगम असे माझे चार ठसे मी विनामूल्य देऊ इच्छितो. आपला होकार आल्यास त्यांच्या छापील प्रती घेऊन आपल्या कार्यालयात समक्ष येईन.

आपला नम्र,
एक निवृत्त चित्रकला शिक्षक, मिरज