मनी आणि गोट्याच्या घरात कुत्रा कुठला आणायचा?

ठाणे,
रविवार

प्रिय मेधा,

नितीनला हस्की हवाय, मुक्ताला बीगल, आणि तुला ‘कुठलाही, पण शांत’. तुमच्या मनी मांजरीला आणि गोट्या बोक्याला मात्र कुणी विचारलेलं दिसत नाही. घर खरं तर त्यांचं आहे, तुम्ही तिघं फक्त हप्ते भरता!

हस्कीचं नाव आधी खोडून टाक. पुण्याचा उन्हाळा आणि त्याची ती दुहेरी लोकर हे कारण सगळेच सांगतात, आणि ते खरंही आहे. पण तुमच्याकडे त्याहून मोठी अडचण म्हणजे लहान जनावर पळताना दिसलं की हस्की मागचापुढचा विचार न करता झेपावतो. कुठल्याही जातीचं रूप, उंची, केस नंतर बघ. आधी हे बघ, की समोरून काही छोटं पळालं तर माणसानं त्या जातीला पिढ्यान्‌पिढ्या काय करायला लावलं. आपल्या सोलापूर-लातूरकडचा कारवान घे, ज्याला कर्नाटकात मुधोळ म्हणतात. तो डोळ्यांनी शिकार हेरणारा, सशामागे धावणारा कुत्रा. सोफ्यावर झोपलेल्या मांजरीकडे तो ढुंकूनही बघणार नाही. तीच मांजर पॅसेजमधून पळाली की त्याच्या लेखी ती ससा होते. जॅक रसेलसारखे टेरिअर उंदीर-कोल्ह्यांवर सोडायचे, डाक्सहुंड बिळात घुसवायचे, म्हणून तेही नकोत. बॉर्डर कॉली आणि जर्मन शेफर्ड सहसा चावणार नाहीत, पण मेंढ्यांसारखं हाकतील. कॉली तर डोकं खाली घालून, टक लावून मांजरीला कोपऱ्यात नेईल. मांजरीच्या भाषेत टक लावणं म्हणजे सरळ धमकी, आणि ती दिवसभर सोसायची म्हणजे मनी कपाटावरून खालीच उतरणार नाही.

मुक्ताचा बीगल त्या मानानं मांजरींशी जमवून घेतो, कारण तो कळपानं राहणारा. पण नेमका म्हणूनच तुम्ही नोकरीवर गेलात की त्याला साडेनऊ तास एकट्यानं काढवत नाहीत. तो नुसता भुंकत नाही, गळा काढतो, आणि तो सूर चार मजले ऐकू जातो. सोसायटीच्या ग्रुपवर तिसऱ्या दिवशी तुझं नाव येईल.

पग किंवा शिहत्झू आणावा असं कुणी सुचवलं तर दोन गोष्टी लक्षात ठेव. चपट्या नाकामुळे उन्हाळ्यात त्यांना धाप लागते, हे तर आहेच. त्याहून वाईट म्हणजे त्यांचे बटाट्यासारखे बाहेर आलेले डोळे नेमके मांजरीच्या पंजाच्या उंचीवर असतात. एक ओरखडा बुबुळावर बसला की जखम चिघळायला वेळ लागत नाही.

राहिले लॅब्रॅडॉर आणि आपला गावठी. लॅब पक्षी तोंडात अलगद धरून आणण्यासाठी घडला, म्हणून चावण्याची भीती कमी. पण दोन वर्षांचा होईपर्यंत त्याला स्वतःच्या वजनाचा अंदाज नसतो. तीस किलोच्या कुत्र्यानं खेळात टाकलेला पंजा साडेतीन किलोच्या मनीला खेळ वाटत नाही. गावठीला आपली हवा मानवते, केसांची कटकट कमी. मात्र त्यांच्यात जातीवरून स्वभाव सांगता येत नाही. एक मांजरीशेजारी पसरून झोपेल, दुसऱ्याचं बालपण गल्लीत मांजरी पळवण्यात गेलेलं असेल.

म्हणून माझं ऐकशील तर पिल्लू आणूच नको. तीन-चार वर्षांचा गावठी किंवा लॅब घे, तोही अशा घरातला जिथं तो मांजरींसोबत तात्पुरता सांभाळला जातोय. पिल्लाचं गणित तुमच्या नोकऱ्यांत बसत नाही: वयाचे महिने अधिक एक, जास्तीत जास्त तितके तास ते लघवी धरतं. तीन महिन्यांचं पिल्लू चार तास, तुम्ही बाहेर साडेनऊ तास. मुक्ता पिल्लावरच अडून बसली, तर निदान आठ आठवड्यांच्या आतलं घेऊ नका, ते विकणं २०१७च्या नियमांनुसार बेकायदा आहे. आणि दुपारी येणारा माणूस आधी ठरवा, पिल्लू नंतर.

मोठा कुत्रा बघायला गेलात की त्याला पट्ट्यावर धरून, बंद पिंजऱ्यात बसलेल्या तिथल्याच एखाद्या मांजरीपासून दहा-बारा फुटांवर उभं करायला सांग. मनीला घेऊन जाऊ नकोस. कुत्र्यानं बघितलं, हुंगलं, नावानं हाक मारल्यावर मान वळवून चिकनचा तुकडा घेतला, तर पुढे बोलणी करा. पण अंग ताठ, कान पुढे, तोंड एकदम मिटलेलं, आणि नाकाशी धरलेलं चिकनसुद्धा दिसत नाही असं झालं, तर परत फिर. त्या वेळी शेपटी हलत असली तरी भुलू नकोस. ‘सवय होईल’ असं समोरचा हमखास म्हणेल.

घरी आणल्यावर पहिले तीन-चार दिवस कुत्रा हॉलमध्ये, मांजरी बेडरूममध्ये. एकमेकांची अंथरुणं अदलाबदल करायची, म्हणजे ओळख आधी वासानं होते. मग बंद दाराच्या दोन बाजूंना जेवण. मग दाराला साखळी लावून चार इंचांची फट, आणि सगळ्यात शेवटी एका खोलीत, कुत्रा पट्ट्यावर. पहिली भेट पाच मिनिटांची पुरे. फट पुढेही ठेव; मांजरी त्यातून येतात-जातात, मोठा कुत्रा अडतो. एकटे असताना काही महिने तरी दार पूर्ण बंदच. हॉलमध्ये पाच फुटांवर दोन फळ्या ठोकून घे, वाट एकीवरून दुसरीवर जाणारी हवी. नाहीतर वर चढलेली मांजर तिथंच अडकते.

या दिवसांत कुत्र्यापेक्षा मांजरींवर लक्ष ठेव. गोट्या जाड आहे ना? जाड मांजर दोन दिवस उपाशी राहिली तर यकृतात चरबी साचून जिवावर बेततं, तेव्हा चोवीस तास खाल्लं नाही की डॉक्टरला फोन कर. आणि बोका लिटर बॉक्समध्ये, म्हणजे शी-शूच्या डब्यात, सारखा बसतोय पण होत काहीच नाही, असं दिसलं तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघ. ताणानं बोक्यांची लघवी तुंबते.

गोचिडांचं औषध ही तुझ्याकडची सगळ्यात धोक्याची वस्तू ठरू शकते. कुत्र्याच्या मानेवर सोडायच्या काही थेंबांत आणि पावडरींत परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं. कुत्र्याला ते चालतं, मांजरीला झटके येतात, आणि तिनं कुत्र्याचं अंग चाटलं तरी पुरतं. गोचिडांवरचं अमिट्राझही मांजरींना घातक. दुकानदारावर सोडू नकोस, घरात मांजरी आहेत हे डॉक्टरला सांगून त्यांच्याकडूनच लिहून घे.

मांजरींचं खाणं आजपासून ओट्यावर किंवा फ्रिजवर ठेवायला लाग, कारण कुत्र्याला ते त्याच्या खाण्यापेक्षा फार आवडतं. लिटर बॉक्सही बाल्कनीच्या दारातून आत बेडरूममध्ये हलव. विष्ठा खायला कुत्रे तिथंच जातात, आणि गोळा होणारी माती पोटात गेली तर आतडं अडतं. रोज एकेक फूट सरकव. एकदम उचलून ठेवलास तर गोट्या जुन्या जागीच बसेल, आणि तिथं तुझी चटई आहे.

तुझी,
शुभा