पुण्यात हॉल बघायच्या आधी हे वाच भो

अमळनेर

प्रिय मित्रा,

काय भो, कसा शेस? परवा फोनवर तू सांगितलं की पोरीचं लग्न पुण्यालाच करायचं ठरलं, नवरदेवाकडचे तिथलेच, पोरीची नोकरीपण तिथेच, आणि तू एक कार्यालय बघून आला, 1,40,000 भाडं म्हणाले, "बजेटमध्ये बसतंय रे." ते ऐकलं आणि मला रात्री नीट झोपच लागली नाही. कारण फेब्रुवारीत पुतणीच्या लग्नाला आम्हीपण बरोबर याच आकड्यावर हो म्हटलं होतं आणि शेवटी सगळं मिळून जवळपास सव्वासहा लाख गेले. दागिने, बस्ता, गाड्या यातलं काहीच त्यात नाही बरं का, फक्त त्या कार्यालयाच्या गेटच्या आतला खर्च. फोनवर हे सगळं सांगता येत नाही, मधेच रेंज जाते तुझ्या मळ्यात, म्हणून लिहितोय. केळीचे पैसे हातात आलेत म्हणून टोकन देऊन टाकू नको, आधी हे पूर्ण वाच.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यातून काढ. आपल्याकडे आपण घरं मोजतो. चूलबंद आवतन दिलं की त्या घरात त्या दिवशी चूल पेटत नाही, चार आले काय नि आठ आले काय, आचारी वरणात तांब्याभर पाणी वाढवतो, बट्ट्यांचा अजून एक घाणा काढतो, पंगत उठते. पुण्यात माणूस मोजतात आणि तास मोजतात. जागा तर भाड्याने मिळतेच पण खरे पैसे लागतात ते या दोन गोष्टींना, आणि भाव सांगताना मात्र फक्त जागेचं भाडं सांगतात. खोटं नसतात बोलत ते, तू जे विचारलं त्याचं उत्तर देतात.

आता ताटाचं सांगतो. आमचं जेवण 650 रुपये ताट होतं आणि मिनिमम गॅरंटी 400 ची. म्हणजे 400 पेक्षा कमी जेवले तरी पैसे 400 चेच. आमच्या यादीत 450 नावं होती म्हणून आम्ही बिनधास्त सही केली. पण जळगाव-अमळनेरहून पुण्याला लग्नाला यायचं म्हणजे माणसाची दोन रात्रींची झोप जाते रे, गावाकडचे खूप जण घरी येऊन आहेर देऊन गेले आणि "आम्हाला तिकडे जमणार नाही" म्हणाले. जेवले 340. साठ ताटांचे 39,000 रुपये कोणाच्याच पोटात न जाता गेले. म्हणून गॅरंटीचा आकडा यादीपेक्षा खूप खाली बांधून घे, वाढली माणसं तर वाढीव ताटाचे देऊ म्हणावं, जास्तीची ताटं वाढवायला ते कधीच नाही म्हणत नाहीत, कमी करायला मात्र कोणी तयार होत नाही. आणि ताट मोजतं कोण ते आधीच ठरव. आमच्या वेळी एक पोरगा ताटांच्या चळतीजवळ उभा राहून वहीत रेघा मारत होता, मी आपल्या भाच्याला त्याच्या शेजारी उभा केला तेव्हा दोघांचा आकडा जुळला.

वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी व्हायलाच पाहिजे असं माझ्या वहिनीचं म्हणणं होतं, मलापण ते पटलं होतं, आपल्या पोरीच्या लग्नात दुसरं काय असणार. तर आम्ही म्हटलं आपला आचारी घेऊन येतो. ते म्हणाले बाहेरचा आचारी चालत नाही, आमच्या पॅनलचाच केटरर घ्यावा लागेल, किंवा मग बाहेरच्याला आणायचं तर ताटामागे 100 रुपये रॉयल्टी. हा शब्द तिथे खूप ऐकशील. डेकोरेशनवाल्याचं तसंच, पॅनलवरचा घ्या नाहीतर रॉयल्टी भरा, आणि पॅनलवाल्याचं सगळ्यात साधं स्टेज 80,000 च्या खाली नव्हतंच. शेवटी केटररने खान्देशी काउंटर म्हणून ताटामागे 90 रुपये जादा घेऊन बट्ट्या केल्या. बऱ्या होत्या, पण तूप वाढणारा पोरगा चमच्याने वाढत होता, आपल्यासारखं तांब्याने नाही. त्या रॉयल्टीबद्दल भाडं ठरवायच्या आधीच विचारून घे, नंतर विचारलं तर तुझ्या हातात काही राहत नाही.

तासांचं मला सगळ्यात जास्त लागलं. आमचं सेशन सकाळी 8 ते 4. वऱ्हाड रात्रभर ट्रॅव्हल्सच्या दोन गाड्यांनी आलं आणि पहाटे पावणेपाचला गेटपाशी उतरलं. फेब्रुवारीतली थंडी. वॉचमन म्हणे आठ वाजता चार्ज मिळेल. माझी आत्या, बहात्तर वर्षांची, नऊवारीवर शाल गुंडाळून फुटपाथवर सुटकेसवर बसली होती आणि मला म्हणाली, "पैसा आपन दिना नि बाहेर बी आपनच बसानं का?" मित्रा, ते वाक्य अजून माझ्या कानात आहे. मॅनेजरला झोपेतून उठवलं, त्याने 15,000 सांगितले, मी लगेच हो म्हटलं, त्या क्षणी त्याने पन्नास मागितले असते तरी दिले असते. तू असं करू नको. आदल्या रात्रीपासूनच खोल्या सेशनमध्ये धरून घे, किती खोल्या, गरम पाणी किती वाजेपर्यंत, सगळं. आणि शेवटचं टोकपण बघ. आमचा मुहूर्त अर्धा तास पुढे गेला, मग जेवणं लांबली, पोरीची पाठवणी साडेपाचला झाली. तासाला 12,000, आणि सुरू झालेला तास पूर्ण धरतात, म्हणजे दीड तासाचे 24,000. पाठवणीच्या वेळी माझा भाऊ रडत होता आणि मी घड्याळ बघत होतो, हे कोणाच्याच वाट्याला येऊ नये.

संध्याकाळचं रिसेप्शन ठेवायचा विचार असेल तर हे लक्षात ठेव की 2000 सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमाप्रमाणे रात्री 10 नंतर उघड्यावर, लॉनवर स्पीकर बंद, कार्यालयवाल्याच्या हातातही ते नाही. ट्रॅफिकमुळे पुण्यातली माणसं साडेआठपर्यंत येतच राहतात, म्हणजे लॉनवर भाडं पूर्ण संध्याकाळचं देऊन गाण्या-बिण्याला दीड तास मिळतो. गाण्याच्या लायसन्सचे वेगळे पैसे कोणी मागितले तर सांग की कॉपीराइट कायद्यात लग्नाच्या समारंभाला सूट आहे, 1957 च्या कायद्याच्या कलम 52 मध्येच ते लिहिलंय.

जीएसटी विचारताना "धरून की सोडून" एवढंच विचार. नुसत्या हॉलच्या भाड्यावर 18 टक्के लागतो, म्हणजे तुझे 1,40,000 तिथेच 1,65,200 होतात. केटररच्या जेवणावर 5 टक्के. मोठ्या हॉटेलात गेलास तर जेवणावरही 18, म्हणून तिथलं ताट कार्डावर दिसतं त्यापेक्षा बरंच वर जातं. वीज आमची मीटरवर होती, 25 रुपये युनिट, 15,500 बिल झालं. सुरुवातीचं रीडिंग मी बघितलंच नव्हतं, मॅनेजरने मोबाईलमधला फोटो दाखवला तो मान्य करावा लागला. तू चार्ज घेताना स्वतः मीटरचा फोटो काढ. साफसफाईचे 8,000 वेगळे, आणि डिपॉझिटमधून गालिच्यावर कुंकवाचे डाग पडले म्हणून साडेसहा हजार कापले. लग्नात कुंकू सांडणारच की रे.

कपॅसिटी म्हणून जो आकडा सांगतात त्याच्यावर जाऊ नको. गोल टेबल-खुर्च्या मांडून माणसं बसवायची तर माणसामागे 10-12 चौरस फूट लागतात, म्हणजे 4,000 चौरस फुटांच्या हॉलमध्ये 350 च्या आसपास. 800 लिहिलेलं असतं ते येऊन-जाऊन उभ्याने जेवणाऱ्यांचं. जागा टेपने मोजायला लाजू नको, आपण शेतकरी आहोत, बांध मोजतो तर हॉल का नाही. आणि फायरचे कागद बघायला माग. आपल्या राज्यात 2006 चा अग्निसुरक्षेचा कायदा आहे, त्याखाली दर सहा महिन्यांनी तपासणीचं सर्टिफिकेट द्यावं लागतं. मुंबईत कमला मिलला डिसेंबर 2017 मध्ये आग लागली त्यात 14 जीव गेले, आपल्या तर सगळ्या म्हाताऱ्या बाया आणि लहान पोरं एकाच हॉलमध्ये असणार.

एवढं महाग का असतं, याचाही मी विचार केला. पुण्यातली जागेची किंमत तर आहेच, पण ते कार्यालय वर्षातले कितीतरी दिवस रिकामं असतं, पगार आणि टॅक्स मात्र बारा महिने, मग सगळं मुहूर्ताच्या मोजक्या दिवसांवर येतं. आणि यंदा, 2026 ला, आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया झाली की थोड्याच दिवसांत अधिक महिना लागतोय, 17 मे ते 15 जून, त्यात लग्नं नाहीत. दिवाळी 8 नोव्हेंबरला म्हणजे तुळशीची लग्नं 20 च्या पुढे. राहिलेले बरेच जण नोव्हेंबरच्या शेवटी आणि डिसेंबरमध्येच धावणार, तू पण त्यातच. म्हणून नवरदेवाकडच्या पाहुण्यांशी बोल, मंगळवार-बुधवारचा मुहूर्त चालत असेल तर घे, शनिवार-रविवारच्या मानाने भाव बराच उतरतो आणि घासाघीस करायला तोंड राहतं. म्हात्रे पुलाकडच्या डीपी रोडवर लॉन्स ओळीने आहेत, दिसायला सुंदर, पण अवकाळीचा भरवसा नाही, लॉन घेतलंस तर पाऊस आल्यावर आतली जागा कोणती देणार ते लिहून घे. समाजाच्या आणि ट्रस्टच्या कार्यालयांकडेही आधी चौकशी कर, तिथे आपला आचारी चालतो का एवढं विचार, चाललं तर अर्धी चिंता मिटली. तारीख बदलली तर टोकनचं काय, हेही.

तू कमी खर्च कर असं मी म्हणत नाही, एकुलती एक पोरगी आहे, हौस कर. पण जे पैसे जाणार ते तुला आधी माहीत असावेत, मला माझ्या भावाला शेवटच्या दिवशी सांगावे लागले आणि त्याने मंगळसूत्राच्या डबीशेजारी बसून चेक लिहिला.

त्या कार्यालयाने जो कागद दिलाय त्याचा फोटो मला आजच पाठव, दोन्ही बाजूंचा, मागे बारीक अक्षरात अटी असतात. पुढच्या आठवड्यात कापसाची सरकी घेऊन झाली की मी मोकळा आहे, जळगावहून महाराष्ट्र एक्सप्रेस पकडू दोघं जण, कॉलेजला असताना जायचो तसं. वहिनीला सांग डब्यात कळण्याची भाकरी आणि ठेचा पाहिजे. टेप मी घेतो.

तुझाच,
प्रताप कॉलेजच्या मागच्या बाकावरचा मित्र