वीस बोटुकली कुठे मिळतील?

मा. संपादक,
स. न.

लातुरात गेली २२ वर्षं माझं मोटारी भरायचं, म्हणजे जळालेल्या मोटारींत नवी तार गुंडाळायचं, दुकान आहे. बोअरच्या मोटारी, कूलरचे पंप, पिठाच्या गिरण्या अशी रोजची कामं. मासे आणि भाजी या विषयावर मी आपल्याला पत्र लिहीन असं पाच वर्षांपूर्वी मला कुणी सांगितलं असतं तर पटलं नसतं. पण गेल्या महिन्यात दुकानात जे घडलं, त्यानं गप्प बसवेना.

कॉलेजात शिकणारा एक मुलगा पिशवीत छोटा पाणबुडी पंप घेऊन आला. ‘काका, पंप बिघडलाय, सगळे मासे मेले,’ म्हणाला. त्यानं अ‍ॅक्वापोनिक्सचं तयार किट ३८ हजारांना मागवलं होतं. माशांचं पाणी झाडांना द्यायचं, झाडांनी ते स्वच्छ करून माशांना परत द्यायचं, अशी ही पद्धत. पैसे वडिलांनी सोयाबीनच्या पट्टीतून दिले होते. मी पंप बादलीत टाकून चालवला. वॅट बरोबर, धार बरोबर, आवाज नाही. पंपात दोष नव्हताच. मी विचारलं, ‘मासे कधी सोडले?’ तो म्हणाला, ‘किट जोडलं त्याच दिवशी, तीस.’ दहाव्या दिवशी तिसांपैकी एकही जिवंत नव्हता.

किट विकणाऱ्यानं त्याला नळी कुठे जोडायची ते दाखवलं होतं, थांबायचं किती ते सांगितलं नव्हतं. मासा कल्ल्यांतून अमोनिया सोडतो. तो झाडाला जसाच्या तसा फारसा चालत नाही आणि माशाला तर विषच. झाडं ज्या खडीत लावतात तिच्यावर वाढणारे एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसऱ्या प्रकारचे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात, आणि नायट्रेट म्हणजे झाडाचं जेवण. हे जिवाणू विकत घेऊन एका रात्रीत बसवता येत नाहीत. त्यांची वस्ती व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. त्यात आपल्या बोअरचं पाणी जड. माझ्या बोअरचा सामू, म्हणजे पीएच, ८ च्या आसपास येतो. सामू ७ असताना अमोनियाचा जेवढा भाग विषारी असतो, त्याच्या जवळपास दहापट ८ ला असतो. त्या पोराचे मासे आपल्याच घाणीत गुदमरून मेले म्हणायचे. हे त्याला सांगताना मला फार वाईट वाटलं.

माझी स्वतःची मांडणी दुकानामागच्या परसात आहे आणि ती चार हजारांच्या आत उभी राहिली. भंगारवाल्याकडून दोनशे लिटरची दोन निळी पिंपं ८०० रुपयांना एक अशी घेतली. घेताना आत डोकं घालून वास घेतला आणि आधी काय भरलं होतं ते विचारलं. दोन्ही खाद्यतेलाची होती. फवारणीच्या औषधाचं किंवा रसायनाचं पिंप कितीही धुतलं तरी या कामाला घेऊ नये, फुकट मिळालं तरीही. एक पिंप वरून कापून अर्ध्याच्या वर जमिनीत पुरलं. मे महिन्यात लातूर ४२ अंशांवर जातं, तेव्हा मातीतलं पाणी थंड राहतं. दुसरं उभं चिरून दोन डोण्या केल्या आणि जुन्या लोखंडी खाटेवर ठेवल्या. त्यांत पाऊण इंची काळी खडी. खडी घेताना एक परीक्षा करायची: चार खड्यांवर लिंबू पिळायचं. फेस आला तर त्यात चुना आहे, असा दगड पाण्याचा सामू चढवत राहतो. आपल्या खाणीतल्या काळ्या दगडाला फेस येत नाही.

हे सगळं गच्चीवर का नाही, असं बरेच जण विचारतात. हिशेब करा. दोन डोण्यांत तीनशे किलो खडी बसते, पिंपात पावणेदोनशे लिटर पाणी, शिवाय खडीत मुरलेलं पाणी. साडेपाचशे किलो सहज होतात. घराच्या वावरत्या गच्चीचा हिशेब साधारण चौरस मीटरला दीडशे किलो धरून करतात. ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीच्या भूकंपाची पहाट मी लहानपणी पाहिली आहे. दगडमातीच्या माळवदाखाली काय झालं ते आमच्या जिल्ह्याला कुणी सांगायला नको. गच्चीच करायची असेल तर इंजिनिअरला विचारून, भिंतीच्या किंवा तुळईच्या डोक्यावर ठेवा.

पंप १८ वॅटचा, सुरुवातीला भंगारातल्या कूलरचा होता. टायमर लावून तो तासात पंधरा मिनिटं चालतो. डोणी भरते, मग पंप थांबला की तळाच्या भोकातून पाणी पिंपात उतरतं आणि खडीत हवा शिरते. जिवाणूंना आणि मुळांना ती हवा लागते. महिन्याला सव्वातीन युनिट होतात. हवेचा छोटा पंप मात्र रात्रंदिवस चालतो आणि तो जुन्या यूपीएसच्या बॅटरीवर जोडला आहे, कारण लाइट गेली आणि हवा थांबली तर गर्दीतले मासे सकाळपर्यंत टिकत नाहीत.

इथे धंद्याचा माणूस म्हणून कळकळीनं सांगतो. कूलरच्या जुन्या पंपाचं सील तडकलेलं असू शकतं. मी स्वतः डोणीत पडणाऱ्या धारेला बोट लावलं आणि हाताला मुंग्या आल्या. त्या परसात माझी पुतणी रोज माशांना दाणे टाकते. त्याच दिवशी ३० मिलीअँपिअरची ईएलसीबी, म्हणजे वीज गळाली की लाइट तोडणारी कळ, बसवली आणि पंप बदलला. पाण्यातला पंप ईएलसीबीशिवाय चालवू नका, मग तो नवा असो की जुना.

दुसरी चूकही माझीच. सुरुवातीला डोणीऐवजी मी कूलरची पत्र्याची टाकी वापरली होती, आयती मिळाली म्हणून. तो पत्रा जस्ताचा मुलामा दिलेला. जस्त पाण्यात उतरतं आणि माशाला ते सोसत नाही, हे तेव्हा माहीत नव्हतं. अकरा गोल्डफिश गेले. तांबं आणि पितळही तसंच. मोटार भरणाऱ्याच्या दुकानात तांब्याच्या तारेचे तुकडे सगळीकडे उडतात, म्हणून पिंपावर आता कायम जाळी असते.

उत्पन्नाबद्दल खरं तेच सांगतो. मेथी, पालक, पुदिना, कोथिंबीर घरापुरती निघते आणि शेजारी दोन घरांना जाते. पुदिना तर आवरत नाही. टोमॅटोची कोवळी पानं पिवळी पडली, शिरा हिरव्याच राहिल्या. ती लोहाची उणीव. गंजके खिळे टाकून काही होत नाही. कृषी सेवा केंद्रातलं चिलेटेड लोह, म्हणजे झाडाला घेता येईल अशा रूपातलं, चिमूटभर दिल्यावर आठ दिवसांत नवी पानं हिरवी आली. मासे खायला म्हणाल तर पिंपात फार होत नाहीत. हजार लिटरला वीस किलो ही वरची मर्यादा धरतात, म्हणजे माझ्या पिंपात साडेतीन किलो. त्यामुळे मासे विकून पैसे होतील असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पण पाणी बघा. दोन डोण्यांच्या भाजीला थंडीत दिवसाला चार-पाच लिटर आणि भर उन्हाळ्यात दहा-बारा लिटर पाणी वर टाकावं लागतं, बस. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी भरायला ज्यांनी घागरी घेऊन रांगा लावल्या, त्यांना या आकड्याची किंमत वेगळी सांगायला नको.

आता ज्यासाठी हे पत्र लिहिलं ते. या सगळ्यात मला सर्वांत अवघड गेलं ते मासे मिळवणं. पिंप, खडी, पंप सगळं गावात मिळालं. सायप्रिनस या माशाची वीस बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, मात्र कुठे मिळेनात. एका बीज केंद्रावर गेलो तर म्हणाले, हजाराच्या खाली देत नाही. त्यांचंही चूक नाही, त्यांची गिऱ्हाइकं तलाववाली आणि शेततळीवाली. शेवटी शेततळ्यात मासे करणाऱ्या एका ओळखीच्या शेतकऱ्यानं घागरीत घालून चौदा दिली. ओळख नसलेला माणूस मग मत्स्यालयाच्या दुकानात जातो, नाहीतर कुणीतरी ‘हे मरत नाहीत’ म्हणून थाई मांगूर गळ्यात मारतो. तो पाळायला देशात बंदी आहे. ओढ्यात सुटला तर तिथले आपले मासे खाऊन टाकतो. तिलापियालाही परवानगी लागते.

हिवतापाचं खातं डासांच्या अळ्या खायला गप्पी मासे मूठभरसुद्धा देतं. माझ्याच गल्लीत हौदात सोडायला ते दिले होते. तसंच मत्स्यव्यवसाय खात्यानं पावसाळ्यात बोटुकली तयार होतात तेव्हा तालुक्याच्या ठिकाणी महिन्यातून एक दिवस वीस-पंचवीसच्या पिशव्या रास्त दरात द्याव्यात. कृषी विज्ञान केंद्रांनी माती तपासतात तसा पाण्यातला अमोनिया आणि नायट्राइट तपासून द्यावा. हे दोन आकडे आधी चढून मग पुन्हा शून्यावर आल्याशिवाय मासे सोडू नका, एवढा एक कागद पिशवीबरोबर दिला तरी पुष्कळ मासे आणि पुष्कळांचे पैसे वाचतील. जिल्ह्याच्या लोकप्रतिनिधींनी यात लक्ष घालावं ही विनंती.

तोपर्यंत माझ्याकडून होण्यासारखं एक आहे. चालू डोणीतली जुनी खडी नव्या डोणीत मिसळली की जिवाणूंची वस्ती लवकर बसते. त्या मुलाला मी दोन बादल्या खडी दिली आणि पैसे घेतले नाहीत. मासे न सोडता त्यानं माशांचे चमचाभर दाणे पाण्यात कुजत घातले आहेत आणि एक दिवसाआड तो पाणी तपासून मला आकडा कळवतो. आज सकाळी अमोनिया शून्य होता. नायट्राइट अजून आहे. मी त्याला आणखी थांबायला सांगितलं आहे.

आपला,
मोटार दुरुस्ती करणारा एक वाचक, लातूर