पुढच्या बाकावरची जागा

प्रिय मित्रा,

प्रभू येशूच्या नावात सप्रेम सलाम. आत्याची प्रकृती आता बरी आहे आणि माझा खोकलाही थांबला आहे, तेव्हा थेट विषयाला हात घालतो, कारण हे तुझ्यावाचून दुसऱ्या कोणाला कळणार नाही.

वडिलांच्या पश्चात आलेल्या पैशाची हकीकत तुला ठाऊक आहेच. नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या दुसऱ्या रविवारी मी उपासनेला पोहोचलो, तेव्हा चर्चच्या पंचांपैकी एकाने पुढच्या बाकावरील एका वृद्ध गृहस्थांना खांद्याला हात लावून उठवले आणि ती जागा मला देऊ केली. त्यांची गीतांची पुस्तिका बाकावरच राहिली होती. ती घेण्यासाठी ते वळले आणि उलट माझीच क्षमा मागू लागले. मी त्यांना धरून पुन्हा बसवले व मागे जाऊन बसलो, पण ती क्षमा अजून माझ्या मनातून जात नाही. सोन्याची अंगठी घातलेल्याला चांगली जागा आणि गरिबाला पायाशी, हे बायबलात याकोबाने आपल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात लिहिलेले आपण दोघांनी किती वेळा वाचले आहे!

आपला जुना वाद तुला आठवतच असेल. धनात दोष नाही, गर्वात आहे, अंतःकरण नम्र असले की झाले, असे तू म्हणायचास आणि प्रेषित पौलाने आपला शिष्य तीमथ्य याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातला सहावा अध्याय पुढे करायचास. (तुझ्या मागच्या पत्रात वचनांचे इतके आकडे होते की आईने ते हिशेबाचा कागद समजून वहीत ठेवले.) पण त्या अध्यायात धनवानांनी अहंकारी होऊ नये असे सांगून झाल्यावर लगेच परोपकारी व दानशूर व्हावे असेही सांगितले आहे, ते तू घाईने वाचायचास. आणि आता मला वेगळेच दिसते आहे. मी मनातून कितीही नम्र असलो, तरी माझ्या पैशाने त्या वृद्धांना माझ्यासमोर वाकवलेच. मग ही नम्रता केवळ माझ्या अंतःकरणात ठेवून त्यांच्या काय कामाची?

त्याच उपासनेत येशूची आई मरीया हिचे स्तोत्र वाचले गेले. अधिपतींना आसनांवरून ओढून काढले, भुकेलेल्यांना तृप्त केले, धनवानांना रिकाम्या हाती लावून दिले, असे ती म्हणते, तेव्हा ती मनोभावनांविषयी बोलत नाही. बाप्तिस्मा करणारा योहानही, लोकांनी ‘आम्ही काय करावे?’ असे विचारल्यावर, दोन अंगरखे असलेल्याने एक नसलेल्याला द्यावा, असे साधे उत्तर देतो. आणि ज्या येशूची आपण या दिवसांत वाट पाहतो, त्याच्या आईबापांनी मंदिरात कोकरू नव्हे, तर गरिबांना नेमून दिलेले पक्ष्यांचे अर्पण नेले. म्हणजे त्याचे दारिद्र्य चारचौघांदेखत होते. तो धनवान असता आपल्यासाठी दरिद्री झाला, हे पौलाचे म्हणणे मला या वर्षी प्रथमच अवघड वाटते आहे.

द्यायचे तर मी ठरवलेच आहे. येशूला भेटल्यावर आपले अर्धे धन गरिबांना देऊ करणाऱ्या जक्कयाप्रमाणे अर्धे की त्याहून अधिक, हा प्रश्न त्यामानाने सोपा आहे. घोर आहे तो पुढचाच: पंचांना नव्या सभागृहावर वडिलांच्या नावाची पाटी लावायची आहे, आणि एकदा पाटी लागली की पुढचा बाक माझ्या मुलांच्याही वाट्याला येईल. नाव न सांगता द्यावे, तर चार दिवसांत ते फुटणारच. शिवाय देणारा वर आणि घेणारा खाली, ही उतरंड दानानेही मोडत नाही. म्हणून पैसा सभागृहाला न देता मंडळीतील विधवा व आजारी यांच्यासाठी ठेवावा, आणि तो कोणाला किती द्यायचा हे त्यांच्यातल्याच माणसांनी ठरवावे, त्यात माझा शब्द नसावा, असे मनात आहे. त्या वृद्ध गृहस्थांनीही त्यात असावे, अशी माझी फार इच्छा आहे. पण मीच त्यांना विचारले, तर ते नाही म्हणू शकतील का?

तुझ्या बदलीचे काय झाले? वहिनींना नमस्कार, धाकटीला परीक्षेसाठी आशीर्वाद. चौथ्या रविवारनंतर पंचांची बैठक आहे, त्याआधी तुझे उत्तर हवे. वाटल्यास वाद घाल, पण त्या वृद्धांना कोणी आणि कसे विचारावे, ते नक्की लिही.

तुझाच,
मित्र