३८ एटीपी पाठ, पण ऑक्सिजनचं काम काय?

मा. संपादक,

मी अकरावी-बारावीला बायोलॉजी शिकवते. एका ग्लुकोजपासून किती एटीपी (पेशी ऊर्जा ज्या रूपात वापरते तो रेणू) म्हटलं की अख्खी बॅच एका सुरात ३८ म्हणते (हल्ली ३० ते ३२ च धरतात, ते सोडा), पण आपण श्वासातून घेतलेला ऑक्सिजन पेशीत जाऊन नक्की करतो काय असं विचारलं की सगळे खाली वह्यांत बघतात. मुलांचा काय दोष, आपण फळ्यावर कॉम्प्लेक्स (इलेक्ट्रॉन पुढे पुढे देणारे प्रथिनांचे संच) एक दोन तीन चार लिहितो, बाण काढतो आणि नीट परीक्षेला येतं म्हणून पाठ करा सांगतो.

हा टॉपिक फ्युएल सेल (हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून वीज करणारं उपकरण) दाखवून शिकवावा असं माझं स्पष्ट मत आहे. ऑगस्ट २०२२ मधे पुण्यात केपीआयटी कंपनी आणि सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेची फ्युएल सेलवर चालणारी हायड्रोजन बस आली तेव्हा बातम्या खूप झाल्या, पण तिच्यात हायड्रोजनचे इलेक्ट्रॉन वायरमधून जाऊन मोटर चालवतात आणि शेवटी ऑक्सिजनकडे पोचून पाणी होतं, तसंच तंतुकणिकेतही (मायटोकॉन्ड्रिया, पेशीतला ऊर्जा तयार करणारा भाग) शेवटी इलेक्ट्रॉन ऑक्सिजनच घेतो आणि पाणीच होतं, फक्त टाकीतल्या हायड्रोजनच्या जागी अन्नातून आलेले इलेक्ट्रॉन वाहून आणणारा एनएडीएच हा रेणू असतो, हे कुठल्या बायोलॉजीच्या वर्गात कोणी सांगितलं का? एक फरक मात्र सांगायलाच हवा, नाहीतर मुलं पेशीत वायर शोधत बसतील. पेशीत इलेक्ट्रॉनच्या जोरावर प्रोटॉन आतल्या पटलाच्या पलीकडे ढकलले जातात आणि परत येताना ते एटीपी बनवणारं एटीपी सिंथेज हे एन्झाइम फिरवतात. पीटर मिचेल या ब्रिटिश शास्त्रज्ञाने हे १९६१ ला मांडलं, सुरुवातीला फार कोणी मनावर घेतलं नाही, नोबेल मिळायला १९७८ उजाडलं.

आणि याला महागडं किट लागतंच असं नाही. गालाच्या पेशी रंगवायला मेथिलीन ब्लू प्रत्येक लॅबमधे असतंच, ते कोमट साखरपाण्यात भिजवलेल्या यीस्टमधे थोडं टाकून टेस्ट ट्यूब न हलवता ठेवा, निळा रंग हळूहळू उडतो कारण यीस्टचे इलेक्ट्रॉन त्या रंगाने घेतले, मग जोरात हलवलं की हवेतला ऑक्सिजन ते काढून घेतो आणि परत निळं! याच मिश्रणात कार्बनची कांडी बुडवायची, दुसऱ्या भांड्यात इलेक्ट्रॉन घेणारं पोटॅशियम फेरिसायनाइड आणि दुसरी कांडी, मधे सॉल्ट ब्रिज (दोन्ही द्रावणांत आयन जाऊ देणारा जोड), आणि दोन्ही कांड्या वायरने मल्टिमीटरला (वीज मोजायच्या मीटरला) जोडल्या की थोडं व्होल्टेज दिसतं. एका सेलवर एलईडी लागणार नाही हे आधीच सांगून टाका, नाहीतर पोरं हिरमुसतात. इंग्लंडमधे एम. सी. पॉटर नावाच्या वनस्पतीशास्त्राच्या प्राध्यापकाने १९११ मधेच यीस्टपासून अशी वीज मिळवून दाखवली होती, आणि आपण अजून बाणच काढतोय.

बोर्डाने हे प्रॅक्टिकलच्या यादीत घ्यावं, मार्क नाही दिले तरी चालतील. तोवर फिजिक्स-केमिस्ट्रीवाल्यांकडून मल्टिमीटर मागून आणायला कोणाची परवानगी लागत नाही.

– एक शिक्षिका, सातारा