थकता कशाने, हे आधी विचारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत आपण ‘तुमचा स्वभाव कोणत्या प्रकारचा?’ ही बारा प्रश्नांची चाचणी छापलीत. माझ्या सतरा वर्षांच्या भाचीने ती पेन्सिलीने सोडवली, शेवटचं वर्णन मोठ्याने वाचलं आणि म्हणाली, “आत्या, हे अगदी मीच आहे गं.” तिचा खुललेला चेहरा बघून मला काही बोलवेना. पण दोन रात्री तोच विषय डोक्यात घोळत राहिला, म्हणून हे पत्र.

अशीच एक चाचणी मी वयाच्या अडतिसाव्या वर्षी दिली होती. नोकरीच्या ठिकाणी दोन दिवसांचं प्रशिक्षण होतं. दुसऱ्या दिवशी प्रत्येकाच्या हातात चार इंग्रजी अक्षरांचा एक प्रकार आला, प्रत्येक अक्षर स्वभावाच्या एकेका बाजूचं. मी निघाले बहिर्मुख, माणसांत रमणारी, नेतृत्व करणारी. मला ते मनापासून पटलं. चार भावंडांत मी थोरली. घरातली बोलकी मी, कुणाकडे शब्द टाकायचा असेल तर पुढे होणारी मी. महिनाभरात मला हिशेबाच्या टेबलावरून उचलून चौदा जणांच्या टीमची प्रमुख केलं.

मी उत्तरं खोटी दिली नव्हती, हे मुद्दाम सांगते. एक प्रश्न अजून आठवतो: समारंभात तुम्ही अनोळखी माणसांशी स्वतःहून बोलता का? मी ‘हो’वर खूण केली. बोलतेच मी. पण बोलून घरी आल्यावर काय होतं, हे त्या कागदाने विचारलंच नाही.

नऊ महिने रोज पाच-सहा मीटिंगा. संध्याकाळी घरी आले की चपला न काढता पलंगाच्या कडेवर बसून राहायची. शेजारच्या खोलीतून कुणी हाक मारली तरी ‘ओ’ द्यायला जीव राहिलेला नसे. झोप उडाली. शेवटी एका समुपदेशक बाईंकडे गेले. मी कामातलं काय काय छान जमतं ते सांगायला लागले, तर त्यांनी मला थांबवलं. म्हणाल्या, “जमतं काय ते नका सांगू. काय केल्यावर हलकं वाटतं, ते सांगा.” माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्यांनी एक वही ठेवायला सांगितली. पानाच्या मधोमध उभी रेघ. डावीकडे ज्याने थकले ते, उजवीकडे ज्याने ताजी झाले ते. तीन आठवडे लिहायचं आणि मधे वाचायचं नाही, एवढीच अट. ती वही आजही माझ्याकडे आहे. डावीकडे एक नोंद आहे: ‘निरोप समारंभ. भाषण उत्तम झालं, सगळे म्हणाले. नंतर बाथरूमची कडी लावून वीस मिनिटं बसले.’ त्याच पानावर उजवीकडे: ‘न जुळणारा ताळेबंद. चार तास एकटी. जुळला. पाणी प्यायचं विसरले.’ तीन आठवड्यांनी सगळी पानं एकदम उलटली, तेव्हा डावी बाजू माणसांनी भरलेली होती आणि उजव्या बाजूला जवळजवळ कुणीच नव्हतं.

तरी मला ते खरं वाटेना. वही धाकट्या भावाला दाखवली. त्याने चार पानं वाचली आणि अगदी सहज म्हणाला, “ताई, तू लहानपणी जिन्याखाली बसायचीस. तासन् तास. आई शोधायची तुला. तू बोलायला लागलीस ती बाबा आजारी पडल्यावर.” बाबा अंथरुणाला खिळले तेव्हा मी बारा वर्षांची होते. डॉक्टरांशी बोलायला, नातेवाइकांना कळवायला, शाळेत धाकट्यांची रजा मागायला कुणीतरी हवं होतं. ते काम मी उचललं आणि पुढे सव्वीस वर्षं त्या कामालाच माझा स्वभाव समजत आले. जिना मी साफ विसरले होते. भावाच्या लक्षात होता.

त्यानंतर या विषयावर मिळेल ते वाचत गेले. अंतर्मुख आणि बहिर्मुख ही जोडी रूढ केली ती स्विस मनोविकारतज्ज्ञ कार्ल युंग यांनी, १९२१ सालच्या ग्रंथातून. त्याच ग्रंथात त्यांनी लिहून ठेवलं आहे की आईवडिलांच्या प्रभावाने मुलाचा मूळ प्रकार दडपला जाऊन वेगळाच प्रकार त्याच्यावर चढू शकतो आणि त्याची किंमत त्याला पुढे मनाच्या आजाराने मोजावी लागते. हे वाचलं त्या दिवशी मी पुस्तक मिटून बराच वेळ नुसती बसून होते. माझ्या आईवडिलांनी काही लादलं नव्हतं. परिस्थितीने लादलं. पण चढलेलं ते चढलेलंच.

युंग यांच्या विचारावरून मी दिलेली ती चार अक्षरांची, ‘मायर्स-ब्रिग्ज’ नावाची चाचणी तयार झाली ती अमेरिकेतल्या कॅथरिन ब्रिग्ज आणि त्यांची मुलगी इसाबेल मायर्स यांच्या हातून. दोघींपैकी कुणीही मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण घेतलेलं नव्हतं. आईचं कुतूहल जागं झालं ते घरात होऊ घातलेल्या जावयामुळे. हा मुलगा आपल्या माणसांपेक्षा फार निराळ्या रीतीने जगाकडे बघतो, हे त्यांना जाणवलं आणि त्या माणसांचे प्रकार शोधू लागल्या. युंगच्या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद १९२३ साली आला, ती पुढची गोष्ट. लेकीने प्रश्नावली बांधायला घेतली दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, आणि ती प्रकाशित झाली १९६२ मध्ये. म्हणजे या चाचणीच्या मुळाशीसुद्धा आपल्यासारखा नसलेला एक जिवंत माणूसच होता. मला हे फार मोलाचं वाटतं. आपला पिंड कसा आहे हे आपल्यापेक्षा वेगळ्या माणसाच्या शेजारी राहिल्यावर जेवढं कळतं, तेवढं एकट्याने कागद भरून कळत नाही.

आता आपल्या पुरवणीतल्या वर्णनाकडे येते. ‘तुम्ही वरून खंबीर दिसता, पण आतून हळवे आहात. तुमच्यात न वापरलेली बरीच क्षमता आहे.’ हे कुणाला लागू पडणार नाही? १९४८ साली बर्ट्रम फोरर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने आपल्या ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला ‘खास तुझं’ म्हणून वर्णन दिलं. ते किती जुळतं याला पाचपैकी गुण द्या म्हणाला. सरासरी आली ४.२६. वर्णन सगळ्यांना एकच दिलेलं होतं! माझ्या भाचीचा खुललेला चेहरा मला त्या वर्गात दिसतो.

चार अक्षरांच्या चाचणीत आणखी एक अडचण आहे. बहुतेक माणसं मधे कुठेतरी असतात. थोडी एकांतात रमणारी, थोडी गप्पांत. चाचणी मात्र मधोमध सुरी फिरवते. रेघेच्या अलीकडचा अंतर्मुख, पलीकडचा बहिर्मुख. काही आठवड्यांनी तोच माणूस पुन्हा बसला आणि दोन उत्तरं बदलली की अक्षर बदलतं. आज अभ्यासक पाच स्वभावगुण मोजणारी मोजपट्टी (‘बिग फाइव्ह’) अधिक वापरतात, कारण तिथे कप्पे नसतात, कमी-जास्त असतं. माझ्यासारखीला तेवढंसुद्धा पुष्कळ झालं असतं.

जवळच्या माणसांचंही सगळंच खरं धरावं असं मी म्हणत नाही. मानसशास्त्रज्ञ सिमीन वझीर यांनी २०१० मध्ये मांडलं की आतली बेचैनी, धाकधूक आपली आपल्याला जास्त कळते, आणि बुद्धी, कल्पकता यांबाबत इतरांची नजर अधिक नेमकी असते. माझा अनुभव त्याला धरूनच आहे. थकवा माझ्या वहीला कळला, जिना भावाला आठवला. दोन्ही जोडल्यावर चित्र पुरं झालं. पण बघणं वेगळं आणि शिक्का मारणं वेगळं. ‘आमचा हा घुमाच आहे’, ‘ही मेली हट्टी’ असं मुलांच्या देखत बोलताना आपण कुणाच्या कपाळावर काय चिकटवतोय, याचा जरा तरी विचार व्हावा. भावाने मला काही म्हटलं नाही. त्याने पाहिलेलं सांगितलं.

आणि नोकरी देताना किंवा बढती देताना असल्या चाचणीचा आधार घेणाऱ्यांना हात जोडून सांगणं आहे, हे थांबवा. या चार अक्षरांच्या चाचणीचे प्रकाशक स्वतःच सांगतात की ती माणसं निवडण्यासाठी नाही. वरिष्ठांसमोर भरलेल्या कागदावर माणूस स्वतःला लिहीत नाही, त्या खुर्चीला जे हवं ते लिहितो. बरेचदा त्याला स्वतःलाही ते कळत नाही. मला कळलं नव्हतं.

मी प्रमुखपद सोडून पुन्हा हिशेबाच्या टेबलावर आले, त्याला आठ वर्षं झाली. गरज पडली तर आजही चारचौघांत बोलते आणि बरं बोलते. फक्त त्यानंतर तासभर मला कुणी हाक मारत नाही. घरच्यांना आता ठाऊक आहे.

आपण पुन्हा अशी चाचणी छापाल तेव्हा वर्णनाची जागा थोडी कमी करा आणि खाली दोन रकाने कोरे सोडा, मधे उभी रेघ. त्याखाली एक ओळ टाका: ‘तीन आठवड्यांनी हे पान तुम्हाला लहानपणापासून ओळखणाऱ्या एका माणसाला दाखवा.’ भाचीसाठी मी ते वहीतच आखून दिलं आहे.

आपली विश्वासू,
एक वाचक