कुणी लिहून दिली?

प्रिय दिन्या,

किती महिने पत्र नाही, रागावला असशील तर रागाव, पण हे तुलाच सांगायचंय. आम्ही सगळे बरे, आईचा गुडघा आहे तसाच.

परवा रत्नागिरीत कॉलेजांची काव्यस्पर्धा होती. महाडकडची एक पोरगी, एफवायला असेल, तिने आजीवर कविता वाचली. आजी विहिरीपाशी कळशी घेऊन उभी, कुणी वरून पाणी ओतेल का म्हणून वाट बघत. १९२७ला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं त्याच महाडची पोर रे! हॉल एकदम गप्प. आणि परीक्षकांपैकी एकाने माईकवरच विचारलं, छान आहे गं, कुणी लिहून दिली? लोक हसले. ती म्हणाली, मीच लिहिलीय, आणि खाली उतरली.

तुला काय आठवलं असेल ते मला माहितीये. तुलाही हेच विचारलं होतं ना, आणि आपण एसटीत चिपळूणपर्यंत भांडलो, मी म्हणतोय परत जाऊन बोल, तू खिडकीकडे तोंड करून बसलास, तुझ्या वाटचे वडे पण मीच खाल्ले. त्यानंतर तू लिहिलंच नाहीस. मला अजून राग आहे त्याचा.

रात्रभर ती अमेरिकेतली जुनी कवयित्री, फिलिस व्हीटली, डोक्यात. १७६१ला सात-आठ वर्षांची पोर आफ्रिकेतून बोस्टनला आणून विकली, जहाजाचं नाव फिलिस, तेच तिला ठेवलं. विशीत कवितांचं पुस्तक तयार झालं, पण गुलाम मुलीने हे लिहिलंय हे मानणार कोण, म्हणून शहरातल्या १८ बड्या माणसांच्या सह्या घेतल्या, त्यात गव्हर्नर, तिचा मालकसुद्धा. तरी पुस्तक निघालं ते लंडनला, १७७३मध्ये. पुढे दुसऱ्या पुस्तकाची जाहिरात दिली तर गिऱ्हाईकं मिळाली नाहीत, ते कधी निघालंच नाही, १७८४ला गरिबीत गेली बिचारी.

म्हणून मला त्या पोरीच्या पुढच्या कवितेची काळजी लागलीय. तिच्या वहीत पहिल्या पावसात चिंबोऱ्या धरण्यावर पण एक कविता आहे, भन्नाट, वाचताना हात ओले होतात. तिला तीच वाचायची होती, पण तिचे सर म्हणाले समाजाची व्यथा वाच, बक्षीस मिळेल. म्हणजे व्यथा लिहिली तर कुणी लिहून दिली, आणि चिंबोऱ्या लिहिल्या तर ऐकायलाच कुणी नाही. तिने काय करायचं सांग ना?

तुझी बदली झाली कळलं, वहिनींची नोकरी तिकडेच राहणार का? गणपतीत या, मग बोलू.

आधी तिला फोन कर. तिला विचारून नंबर पाठवतो. मी कितीही बोललो तरी मला कुणी असं विचारलेलं नाही, तुला विचारलंय. आणि तुझी ती निळी वही असेल तर शोध, तिला त्यातलं वाचून दाखव.

तुझा,
बाळ्या